बेसबॉलमध्ये काही घडतच नाही?

पुण्याहून कुणी आलं आणि आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरात टीव्हीवर बेसबॉल लागलेलं दिसलं, की थोड्या वेळाने ठरलेला प्रश्न येतो: "हे रोज कसं बघता? यात काही घडतच नाही." त्यामागोमाग दुसरा: "म्हणूनच इथली माणसंही कंटाळली ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

घडतं, पण बरंचसं चेंडू टाकण्याच्या आधी. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, बॅटर म्हणजे फलंदाज, आणि झोन म्हणजे बॅटरसमोरची ठरावीक चौकट. चेंडू हुकला किंवा झोनमधला सोडला की स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, म्हणजेच स्ट्राइकआउट. झोनबाहेरचे चार चेंडू सोडले की पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट. आता दोन स्ट्राइक झालेत असं धरा. झोनजवळ काहीही आलं तरी बॅटरला बॅट घालावीच लागणार. पिचरला ते ठाऊक, म्हणून तो मुद्दाम जरासा बाहेर, ऐनवेळी खाली बुडणारा चेंडू टाकून बघतो. तेच तीन चेंडू झोनबाहेर वाया घालवून बसला असेल, तर पंचाईत त्याची; सरळ मधोमध यावं लागतं. हा हिशेब डोक्यात बसला की मधल्या रिकाम्या सेकंदांत जीव अडकतो. शिवाय हंगामात प्रत्येक संघाचे 162 सामने, त्यामुळे हरल्याचं सुतक एका रात्रीपुरतंच.

कंटाळ्याची तक्रार मात्र अगदीच खोटी नव्हती. पिचर अधिकाधिक वेगाने टाकू लागले आणि संघांनी गणित मांडलं की होमरनसाठी, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्यासाठी, जोर लावताना चार जण स्ट्राइकआउट झाले तरी परवडतं. 2018 मध्ये इतिहासात पहिल्यांदाच हंगामातले स्ट्राइकआउट हिट्सपेक्षा (बेसवर पोहोचवणाऱ्या फटक्यांपेक्षा) जास्त भरले. सामने तीन तासांच्या पलीकडे गेले. मग 2023 पासून घड्याळ आलं: बेस रिकामे असतील तर पिचरला 15 सेकंद. सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. जुने चाहते कुरकुरले, मला तो नियम शहाणपणाचा वाटतो. (बरोबरी झाल्यावर जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता रनर उभा करतात, तो प्रकार मात्र मला अजून पचलेला नाही.)

पण आमच्या आसपासची जी माणसं या खेळापासून तुटली, ती संथपणामुळे नव्हे. शेजारच्या ओकलंडमध्ये अ‍ॅथलेटिक्स नावाचा बेसबॉल संघ 1968 पासून खेळत होता. तिथे असताना त्यांनी चार वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचं अजिंक्यपद, जिंकली. अलीकडच्या वर्षांत मॅट ओल्सन, मॅट चॅपमन असे लाडके खेळाडू एकामागून एक दुसऱ्या संघांना देऊन टाकले गेले. आज ज्याच्या नावाचा शर्ट पोराला घ्यावा, तो पुढच्या वर्षी तिथे असेलच याचा भरवसा उरला नाही. 2023 मध्ये संघ 112 सामने हरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लास वेगसला जायचं जाहीर झालं.

स्टेडियम रिकामं दिसतं म्हणून लोकांना रसच नाही, असं म्हटलं जायचं. 13 जून 2023 ला चाहत्यांनी ठरवून गर्दी केली. नेहमी काही हजार टाळकी दिसायची तिथे 27,759 जण आले, अंगात "SELL" लिहिलेले हिरवे टी-शर्ट: मालकांनो, संघ विका. त्या दिवशी संघ जिंकलाही. उपयोग झाला नाही. 26 सप्टेंबर 2024 ला ओकलंडचा शेवटचा सामना झाला, तेव्हा जवळपास 47 हजार लोक होते. 2025 पासून संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर खेळतोय, आणि नावापुढे शहरच लावत नाही.

मग ही माणसं खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाकडे का वळली नाहीत, असंही विचारलं जातं. आमच्या शेजारच्या आजोबांना मी भीत भीत हेच विचारलं होतं. "त्यापेक्षा मी गोल्फ बघेन," ते म्हणाले. गोल्फबद्दल त्यांचं मत काय आहे, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.