कादंबरीतली सासू तीन तासांवर राहते

सांगली. पितृपक्ष. रात्रीचे साडेअकरा.

वहिनीने दिलेली कादंबरी आज संपली. नाव लिहीत नाही. तशा पुष्कळ आहेत आणि बहुतेकींच्या मुखपृष्ठावर समुद्र असतो. नायिकेचा नवरा अपघातात गेलेला. ती शहर सोडून किनाऱ्यावरच्या एका गावात जाते, तिथे जुनी घरं दुरुस्त करणारा एक अबोल माणूस भेटतो, त्याचंही कुणीतरी गेलेलं. पुढचं सांगायला नकोच. मी रडले. ही पुस्तकं रडवायलाच लिहिलेली असतात आणि ते काम चोख करतात, त्याबद्दल तक्रार नाही.

पण त्या मेलेल्या नवऱ्याला एक आई आहे. ती तिथून तीन तासांवर राहते. सुरुवातीला फोनवर रडते, शेवटाच्या जरा आधी येते, नायिकेचा हात धरून ‘त्यालाही हेच हवं असतं’ असं म्हणते आणि गाडीत बसून निघून जाते. तिचं काम तेवढंच.

आमच्या गावभागातल्या घरात आईची खोली आणि वहिनीची खोली यांच्या मध्ये एक पडदा आहे. दारसुद्धा नाही.

दादा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होता. त्याचे शर्ट कधी पूर्ण पांढरे राहिलेच नाहीत. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि उन्हात टाकला की हळूहळू उडतो, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. तो गेला २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत. त्याचा एक शर्ट आईने धुतला नाही, वाळतही घातला नाही. दर थोड्या दिवसांनी वहिनी म्हणायची, ‘आई, कुबट वास येतोय, जरा उन्हात टाकते.’ आई म्हणायची, ‘सावलीत टाक.’ या एका वाक्यावरून त्यांची किती भांडणं झाली! शर्ट अजून कपाटात आहे, डागासकट, वासासकट.

त्या दिवसांत घरी कुणीच येत नव्हतं. म्हणून एक गोष्ट आपोआप टळली. एरवी गल्लीतल्या आणि नात्यातल्या बायका जमल्या असत्या, बांगड्या फुटल्या असत्या, कुंकू पुसलं असतं. बायका जमल्याच नाहीत. वहिनीच्या हातात बांगड्या तशाच राहिल्या आणि नंतर ‘आता काढ’ असं म्हणायला आईची जीभ उचलली नाही. वर्षभराने, मे २०२२ मध्ये, इथून जवळच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आईने बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाली, ‘आपलं आधीच झालंय की.’ तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. मला हसू आलं आणि हसले म्हणून लाजही वाटली.

दादा गेला त्याच वर्षी जुलैत पुन्हा पूर आला. आयर्विन पुलाजवळ पातळी चाळीस फुटांची इशारा रेषा ओलांडायला लागली की गावभागातली माणसं सामान वर चढवायला घेतात. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलेलं सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे या वेळी कुणी थांबलं नाही. माझ्याकडे विश्रामबागला येताना वहिनीने मृत्यूचा दाखला, बँकेची पासबुकं आणि पोराचे कपडे घेतले. आईने दादाचा फोटो घेतला. रिक्षात बसल्यावर वहिनी म्हणाली, ‘फोटो मोबाईलमध्ये आहेत हो.’ आई म्हणाली, ‘दाखलेपण मिळतात दुसरे.’ मग दोघी गप्प. मी मध्ये बसले होते, मांडीवर भाचा. त्या दोघींतली खरीखुरी दोस्ती तिथून सुरू झाली असं मला वाटतं, कारण त्यानंतर त्या एकमेकींवर चिडायला घाबरेनाशा झाल्या.

वहिनीच्या शाळेत एक सर आहेत, मिरजेचे. घटस्फोट झालेला. कादंबरीत असा नायक चालत नाही, तिथे त्याच्या वाट्यालाही मरणाचंच दुःख लागतं. वहिनीने मला आधी सांगितलं, उन्हाळ्यात, आमराईत पोरं खेळत असताना. सांगताना लाजली नाही, हिशेब सांगावा तसं बोलली: त्यांना हे आवडतं, ते असं म्हणतात, पोराशी चांगले वागतात, मला त्यांच्याशी बोलल्यावर झोप लागते. शेवटचं वाक्य जरा हळू.

तिनेच मग ही कादंबरी दिली. मला वाटलं त्यात तिचं मन असेल. विचारलं तर म्हणाली, ‘छे गं. ह्यातली बाई किती रिकामी आहे बघ की. दुपारभर समुद्राकडे बघत बसते. हिच्या पोराला शाळेतून कोण आणतं?’

लोक काय म्हणतील हा प्रश्न आमच्याकडे फारसा आलाच नाही. चुलत्यांनी घरातल्या हिश्श्याबद्दल विचारून घेतलं. नवऱ्याचा मिळालेला हिस्सा पुन्हा लग्न केलं म्हणून जात नाही, असं वकिलांनी सांगितल्यावर तेही गप्प बसले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. त्या सगळ्या लढाया परवानगीसाठी होत्या आणि वहिनीला परवानगी हवीच आहे असं नाही. तिला एवढंच हवंय की आईने जेवण सोडू नये.

काल दादाची तिथी होती. कावळ्याचं लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. पानात वहिनीने मुद्दाम वांग्याचं भरीत केलं. आई म्हणाली, ‘त्याला भरीत आवडायचं नाही.’ वहिनी म्हणाली, ‘लहानपणी नसेल. नंतर डब्यात मागून न्यायचा.’ आईने थांबून विचारलं, ‘मिरची घालून की तिखट घालून?’ असं त्यांचं रोज चालतं. आईला माहीत नसलेला दादा वहिनीकडे आहे, वहिनीला न भेटलेला आईकडे. रात्री भांडी आवरताना त्या तो एकमेकींना देत बसतात. मी बहीण असूनही त्यात मला जागा नाही. मी काही सांगायला गेले तर दोघी ‘ते माहीतेय’ म्हणतात.

संध्याकाळी आई मला म्हणाली, ‘तिनं करावं लग्न. वय काय आहे तिचं! पोरगंही राहील आनंदात. पण ती गेल्यावर त्याच्याविषयी बोलायला मला कोण आहे? तुझ्यापाशी बोलले की तू रडतेस.’

मला उत्तर आलं नाही. त्या कादंबरीच्या पानापानांवर प्रेम होतं, पण या प्रेमाला तिथे एक ओळ नव्हती. पुन्हा लग्न म्हणजे वहिनीने एक दुःख मागे टाकणं, असं मी इतके दिवस धरून चालले होते. आईच्या बाजूने बघितलं तर मुलगा गेल्यावर आता घरातून त्याच्याबद्दलची बोलणीही जाणार. मिरज केवढी लांब, तर शहर बसने अर्धा-पाऊण तास. पण रात्री भांडी आवरायला कुणी मिरजेहून येत नाही.

वहिनीला हे माझ्या आधीपासून कळलेलं असणार. आज तिने सरळ सांगितलं, की घर बघायचं तर सांगलीतच, गावभागात नाही तरी चालत जाता येईल एवढ्यावर, आणि ही अट सरांना उन्हाळ्यातच घातली आहे. आई ऐकून म्हणाली, ‘पितृपक्षात असलं बोलणं नको. घट बसू देत.’ मग थोड्या वेळाने स्वतःच, ‘दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोलव त्यांना. पण चहाला. जेवायला बोलावलं की माणूस लगेच नात्यातला होतो.’

वहिनीने फोनवर जसंच्या तसं कळवलं. सरांनी विचारलं म्हणे, येताना काय आणू. आई म्हणाली, काही नको. आणि मग आतून ओरडली, ‘भडंग तेवढं आणू नका म्हणावं, घरात आहे!’