रोबोटिक्सची वही कच्चीच असावी

आमच्या लातूर-नांदेड पट्ट्यात विद्यार्थ्याची वही नीटनेटकी असलीच पाहिजे, असा जवळजवळ अलिखित नियम आहे. प्रात्यक्षिकाचे जर्नल परीक्षेच्या तोंडावर एकमेकांचे पाहून उतरवायचे, आकृत्या शिसपेन्सिलीने घोटून काढायच्या आणि सही-शिक्का घेऊन मोकळे व्हायचे, हे मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. त्यामुळे रोबोटिक्सच्या वर्गात इंजिनिअरिंग नोटबुक, म्हणजे रोबो बनवताना केलेल्या प्रयत्नांची, चाचण्यांची आणि चुकांची जागच्या जागी नोंद ठेवणारी वही, सुरू करताना मोटारी आणि सेन्सर यांच्यापेक्षा ही सवयच जास्त आड येते.

नोटबुकचे नियम साधे आहेत. वही शिवलेल्या बांधणीची असावी, पानांवर आधीच क्रमांक घालावेत, प्रत्येक नोंदीला तारीख व लिहिणाऱ्याची सही असावी, पेनानेच लिहावे आणि चुकलेले एकाच आडव्या रेघेने असे खोडावे की खालचा मजकूर वाचता यावा. हे शिष्टाचार मुळात शाळेचे नाहीत. अमेरिकेत मार्च २०१३ पर्यंत पेटंटचा हक्क आधी अर्ज करणाऱ्याचा नसून आधी शोध लावणाऱ्याचा मानला जाई. त्यामुळे साक्षीदाराच्या सहीची तारीखवार वही हा तिथल्या प्रयोगशाळांसाठी भक्कम पुरावा असे. व्हेक्ससारख्या शालेय रोबोटिक्स स्पर्धांत परीक्षक ही वही वेगळी तपासतात. अडचण नेमकी कोणती होती, कोणते पर्याय सुचले, त्यांतला एकच का निवडला आणि चाचणीत काय आढळले, याचा माग ते तिच्यात काढतात. आदल्या रात्री सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या वहीत हा माग सापडत नाही, कारण तिच्यात रोबो पहिल्या पानापासून चालतच असतो.

आमच्या एका गटाचा काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो सकाळी व्यवस्थित धावे आणि दुपारी खिडकीकडच्या वळणावर पट्टी सोडून जाई. मुलांनी प्रोग्रॅम दोनदा बदलला, चाके बदलली, मग बॅटरीवर संशय घेतला. पण प्रत्येक चाचणीपुढे वेळ आणि बॅटरीचा व्होल्टेज लिहिण्याची सक्ती होती, म्हणून बॅटरी भरलेली असतानाही दुपारी हेच घडते, हे वहीतच दिसले. मग एकीने सेन्सरचे आकडे लिहून काढले: सकाळी पांढऱ्यावर ९० आणि काळ्यावर ७८०, दुपारी काळ्यावर अवघे २४०. हा सेन्सर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण खाली टाकतो आणि परत येणारे मोजतो; ते जितके जास्त, तितका त्याचा आकडा कमी. आपल्याकडच्या उन्हातही हेच किरण भरपूर असतात, त्यामुळे उन्हात काळी पट्टीही त्याला पांढरी भासू लागते. सेन्सरभोवती पुठ्ठ्याचे आडोसे लावले आणि सुरुवातीला काळ्या-पांढऱ्याचे आकडे घेऊन उंबरठा, म्हणजे काळे-पांढरे वेगळे करणारा मधला आकडा, ठरवणाऱ्या चार ओळी प्रोग्रॅममध्ये घातल्या. “मॅडम, चाकं बदलल्याचं पान आता काढून टाकू का?” असे त्या गटाने विचारले, तेव्हा मी ठाम नकार दिला. माझ्या मते त्या वहीतले सर्वांत मोलाचे पान तेच आहे, कारण चाके निर्दोष होती हे त्याच पानाने सिद्ध केले.

नोंद कोणी लिहायची, हे आळीपाळीने ठरवावे. नाहीतर सुंदर अक्षराच्या मुलीवर ते काम कायमचे पडते आणि स्क्रू-ड्रायव्हर मुलांच्याच हातात राहतो. भाषा मराठीच असू द्यावी, घाईत लिहिलेली आणि इंग्रजी शब्द मिसळलेली असली तरी चालेल. लेखन किट कपाटात जाण्यापूर्वी, त्याच तासात झाले पाहिजे. ‘घरी जाऊन लिहितो’ म्हटले की आकडे गोल होऊ लागतात.

आपल्या भागात या वहीची गरज आणखी एका कारणाने जास्त आहे. शाळेतली अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा, सहावी ते बारावीसाठी असली, तरी तालुक्याच्या शाळेतली हुशार मुले दहावी झाली की ‘नीट’ आणि ‘जेईई’साठी लातूर गाठतात, आणि किट मर्यादित असल्याने त्यांचा रोबोही पुढच्या तुकडीसाठी सुटा केला जातो. म्हणून नव्या तुकडीला मी पहिल्या तासाला किट देत नाही. आधीच्या गटाची वही देते आणि तिच्यातले फसलेले प्रयोग शोधून त्यांची कारणे सांगायला लावते.