मकरपुऱ्याच्या शेडमधून

रविवार, रात्री

धाकटी बहीण आज मेव्हण्यांना आणि लेकाला घेऊन नवापुऱ्यातल्या घरी आली होती. भाचा दहावी पास झाला. गुण बेताचे. तरसालीच्या आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड घ्यायचं त्याच्या मनात पक्कं बसलंय. बहिणीच्या पोटात मात्र गोळा आलाय. "दादा, तुझं झालं चांगलं, पण सगळ्यांचं होतं का? डोळे जातात म्हणतात, छाती भरते म्हणतात. त्यापेक्षा कॉमर्सला जाऊ दे ना." मेव्हण्यांचा प्रश्न एकच होता: "वेल्डरला मिळतात किती?"

ते गेल्यावर वही उघडून बसलोय. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. बडोद्यात वेल्डर म्हणजे दोन वेगळी माणसं, आणि दोघांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचा फरक. पहिला ग्रिल, दरवाजे, शेडच्या कैच्या करतो. ६०१३ नंबरचा साधा वेल्डिंग रॉड, सिंगल फेजचं मशीन, मालकाचा दर किलोवर आणि कारागिराची हजरी रोजावर. मीही सुरुवात तिथंच केली, आणि त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण तिथं दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या आणि दोन वर्षं काढलेल्या माणसाच्या हजरीत फारसा फरक पडत नाही. महागाईनं जी वाढते तेवढीच. दुसरा वेल्डर पाइप आणि प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या, जोडतो. त्याचा दर पाइपिंगच्या कामात इंच-डायावर ठरतो. सहा इंची पाइपचा एक सांधा म्हणजे सहा इंच-डाया, बारा इंचीचा म्हणजे बारा. पाइपची जाडी किती, धातू कुठला, सांध्याचा एक्स-रे निघणार की नाही, यावर भाव बदलतो. ज्याच्या सांध्याचे एक्स-रे स्वच्छ येतात, त्याला कंत्राटदार शोधत येतो.

मेव्हण्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग सगळेच पाइप का नाही करत?" प्रश्न बरोबर आहे. उद्या माझ्या वेल्डिंगच्या शेडवर पाइपची टेस्ट आहे, तिथं भाच्याला बोलावलंय.

सोमवार

आज तिघा मुलांची ६जी टेस्ट घेतली. तिघंही चुणचुणीत, दोघांकडे आयटीआयचं सर्टिफिकेट. भाचा कोपऱ्यात काळी काच डोळ्यांपुढे धरून उभा होता.

६जी म्हणजे पाइप ४५ अंशांत तिरका बांधायचा आणि मग तो हलवायचा नाही. वेल्डरनं त्याच्याभोवती फिरायचं. एकाच सांध्यात वरचं, खालचं, आडवं, उभं सगळं येतं, म्हणून ही टेस्ट पास झालेला माणूस पाइपच्या बाकीच्या पोझिशनलाही चालतो. सुरुवात तळाशी करायची, घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी, आणि दोन्ही बाजूंनी बाराकडे चढत यायचं. दोन पाइपांच्या कडा घासून उतरत्या केलेल्या असतात, मध्ये अडीच-तीन मिलिमीटरची फट. टिग वेल्डिंगमध्ये आर्गन वायूच्या आडोशात आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, पेटते. त्याची टॉर्च त्या फटीवर धरली की दोन्ही कडा एकदम ओल्या दिसू लागतात आणि पुढं कुलपाच्या भोकाएवढं छिद्र उघडतं. त्याला आम्ही कीहोल म्हणतो. फिलर वायरचं टोक त्या छिद्राच्या काठावर टेकवायचं, थेंब सुटला की अर्धा श्वास थांबून पुढं सरकायचं. कीहोल मोठं झालं तर धातू आत ओघळतो. बंद झालं तर कड वितळतच नाही, वरून सांधा सुंदर दिसतो आणि आतून तो जुळलेलाच नसतो.

अवघड जागा सहाचीच. तिथं वितळलेला धातू खाली पडायला बघतो आणि पाइपच्या आतल्या बाजूला खळगा पडतो. आर्क अगदी तोकडा ठेवून, वायर जरा आत ढकलून तो थेंब वर चढवावा लागतो. हे तोंडानं सांगून येत नाही. मनगट शिकतं, आणि मनगटाला शिकायला महिने लागतात. त्या महिन्यांत पाइपचे तुकडे, आर्गन, वायर सगळं खर्ची पडतं. मेव्हण्यांच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. ग्रिलच्या दुकानात पोराला रोजच्या रोज हजरी मिळते. पाइप शिकायचा तर तेवढे महिने घरानं त्याला पोसावं लागतं आणि कुणीतरी त्याच्यावर आर्गन खर्च करावा लागतो. बहुतेक घरांना ते परवडत नाही, म्हणून हुशार हातसुद्धा आयुष्यभर जाळीवर राहतात. मला याचं फार वाईट वाटतं.

तिघांपैकी एकाचा रूट, म्हणजे सांध्याचा सगळ्यात आतला पहिला थर, पाइपमध्ये विजेरी मारून पाहिला. सहापासून बारापर्यंत एकसारखी, बारीक उठावाची रेघ. त्याच्या पाठीवर थाप मारली. बाकी दोघांना परत यायला सांगितलंय. हात चांगले आहेत त्यांचे, फक्त घाई आहे.

बुधवार

दिवसभर पाऊस. जांबुवाकडच्या रस्त्यावर पाणी, अर्धी माणसं उशिरा आली.

पावसाळ्यात माझी सगळ्यात जास्त नजर रॉडच्या भट्टीवर असते. ७०१८ हा लो हायड्रोजन रॉड. पाकीट फोडून उघडा राहिला की त्याचं आवरण हवेतलं पाणी पिऊन घेतं. आर्कच्या उष्णतेत त्या पाण्यातला हायड्रोजन सुटतो आणि तापलेल्या पोलादात शिरतो. सांधा त्या दिवशी बिनतक्रार दिसतो. तडा मागाहून जातो, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जाड प्लेटमध्ये आणि कडक पोलादात जास्त. म्हणून रॉड आधी साधारण ३०० ते ३५० अंशांना तास-दोन तास भाजायचे, आणि मग वेल्डरनं छोटी हातभट्टी जवळ ठेवून लागेल तसा एकेक काढायचा. आज नवा पोरगा मूठभर रॉड खिशात घालून वर चढला होता. खाली बोलावलं, शेजारी बसवून हे सगळं सांगितलं. ओरडलो नाही. कारण कळलं की मुलं नियम पाळतात, हा माझा अनुभव आहे.

गुरुवार

बँकेच्या कामानं गावात गेलो होतो. कलाभवनावरून गेलो की मी गाडी हळू करतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, आणि पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की कारागिरीचं शास्त्र देशी भाषेतून शिकवावं. आपण आज काय करतो? वेल्डरच्या हातात डब्ल्यूपीएसचा, म्हणजे सांधा कसा जोडायचा त्या पद्धतीचा, कागद देतो. कुठला रॉड, किती अँपिअर, प्लेट आधी किती तापवायची, दोन थरांमध्ये तापमान किती चालेल, सगळं त्यात असतं, आणि सगळं इंग्रजीत. ज्याला जोडायचंय तो सही करतो आणि बाजूच्याला विचारून काम करतो. माझ्या शेडमध्ये गुजराती आहेत, मराठी आहेत, बिहार-उत्तर प्रदेशचे आहेत. प्रत्येक कामाचा डब्ल्यूपीएस मी आता फळ्यावर साध्या भाषेत लिहून काढतो. अर्धा तास जातो, पण चुकीचा रॉड चढलाय असं तेव्हापासून झालेलं नाही. वेल्डरला मोठं व्हायचं तर हाताइतकाच हा कागदही यायला हवा. पुढं सुपरवायझर, इन्स्पेक्टर होण्याचा रस्ता तिथूनच जातो.

शनिवार

भाचा आज परत आला. शाळेच्या वहीत प्रश्न लिहून आणले होते. पोरगा मनापासून बघतोय.

पहिला प्रश्न सर्टिफिकेटचा. त्याला सांगितलं, आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे दाराची चिठ्ठी, कामाची टेस्ट वेगळी. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेच्या नियमावलीतल्या सेक्शन ९ प्रमाणे वेल्डर पास होतो तो एका ठरावीक प्रोसेसला, ठरावीक जाडीला आणि पोझिशनला. बॉयलरच्या कामाला आयबीआरची, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांची, परीक्षा निराळी. आणि पास झालं म्हणून कायमचं झालं असं नाही: त्या प्रोसेसनं सहा महिने काहीच जोडलं नाही तर ते पासपण संपतं, टेस्ट पुन्हा द्यावी लागते. म्हणून कुठल्याही साइटवरून निघताना आपल्या कामाच्या नोंदीची नक्कल मागून घ्यायची. मागायला लाजायचं नाही.

दुसरा प्रश्न गल्फचा. त्याच्या मित्राचा भाऊ तिकडे आहे, सोन्याची चेन घालून आला. कारखाना दुरुस्तीला बंद ठेवतात त्या शटडाउनच्या कामावर मी तिकडे जाऊन आलोय, घराचा वरचा मजला त्यातूनच उभा राहिला, त्यामुळे जाऊ नको असं मी कसं म्हणू? पण काय बघून जायचं ते सांगितलं. दहावी पास असल्यानं त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे कामाला परदेशी जाताना सरकारी मंजुरी लागते असा, शिक्का येणार नाही. वेल्डर ट्रेडला प्रवेश आठवी पासवरही मिळतो, तरी दहावी केलीस हे बरं केलंस म्हणालो. एजंटकडं परवाना आहे का ते आधी तपासायचं, आणि करारपत्र वाचल्याशिवाय पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही.

तिसरं त्यानं विचारलं नाही, मीच सांगितलं. पीएफ. तरुणपणी एका कंत्राटदाराकडे मी बरीच वर्षं काढली. पगारातून पीएफ कापला जायचा आणि खात्यात भरला जात नव्हता. ते पैसे मला कधीच मिळाले नाहीत. त्याच्या नादाला लागलेले माझ्यासारखे पुष्कळ होते, त्यातले दोघं आज म्हातारपणी पहारेकरी म्हणून उभे राहतात. उत्तम हात होते ते. आता पीएफचा यूएएन नंबर एकच राहतो, कंत्राटदार बदलला तरी. मोबाइलवर दर महिन्याला पासबुक बघता येतं. "मामा, हे कुणी शिकवत नाही," भाचा म्हणाला. खरंय.

मग बहिणीची भीती. ती खोटी नाही. उघड्या डोळ्यांनी आर्क बघितला की दिवसा काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. लोक बटाट्याच्या चकत्या ठेवतात. मी सरळ डॉक्टरकडे पाठवतो. पण पुरेशी गडद काच आणि आत साधा चष्मा असला तर हे टळतं. धुराचं तसं नाही. धूर दिसतो आणि माणूस त्याला सरावतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तो जस्ताचा. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम असतं, ते त्याहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तोंडाला रुमाल बांधून हे अडत नाही, योग्य मास्क लागतो आणि धूर ओढून घेणारं यंत्र लागतं.

आणि आर्गन. याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, भाचाही दचकला. स्टेनलेसच्या टाकीत किंवा पाइपमध्ये सांध्याची आतली बाजू काळी पडू नये म्हणून आर्गन भरतात. त्याला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी साचतो. आत उतरलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवसुद्धा होत नाही, तो सरळ कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही जातो. हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या आसपास असतो. मीटर १९.५ च्या खाली दाखवत असेल तर टाकीत पाऊल टाकायचं नाही, मालकानं सांगितलं तरी नाही, काम सुटलं तरी नाही. तोंडाशी एक माणूस उभाच हवा आणि त्यानं आत उडी मारायची नाही, मदत बोलवायची. मी भाच्याकडून हे तीनदा म्हणवून घेतलं.

रविवार

बहिणीकडे जाऊन आलो. फॉर्म भरायचं ठरलं. तिनं अट घातली की पोरगा संध्याकाळी माझ्या शेडवर येईल, दुसरीकडे कुठं नाही. मला ते हवंच होतं. मीही माझी अट सांगितली: पहिलं वर्ष रूट सोडून काही करायचं नाही, आणि फुकट काम करायचं नाही. शिकणाऱ्या पोराला खर्चाला पैसे मी देणार. भाचा म्हणून नाही, शेडवरच्या सगळ्याच शिकाऊ मुलांना. ज्या घरांना ते महिने पेलत नाहीत, त्यांचीही मुलं मग पाइपवर येतील. वर्षाला दोन मुलं पेलतील असा अंदाज आहे. आर्गनचं बिल वाढेल, वाढू दे.

दिवाळीच्या आत नवीन टिग मशीन घ्यायचं डोक्यात होतं. आज बायकोशी बोललो आणि ते पुढं ढकललं. आधी धूर ओढणारं यंत्र, स्टेनलेसच्या बाकावर बसवायला, आणि प्राणवायूचा दुसरा मीटर. जुना एकच आहे आणि कामं आता दोन टाक्यांवर एकदम चालतात. उद्या सकाळी पुरवठादाराकडून भाव मागवतो. मशीनचं पुढच्या वर्षी बघू.