खेपा : रेवस ते रेडी, पायी

दादाच्या खाटेजवळच्या भिंतीवरचं २०२३ चं कालनिर्णय मी अजून काढलेलं नाही. मंगळ, गुरू, शनी हे त्याच्या डायलिसिसचे वार. जाऊन आला की त्या तारखेला निळ्या पेनाने गोल करायचा. जुलैपर्यंत गोल नीट ओळीने आहेत. ऑगस्टपासून गुरुवार रिकामे दिसायला लागतात.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, डायलिसिस चिपळूणला. उपचाराला पैसे पडत नव्हते. पडत होते ते तिथवर पोचायला. पहाटे रिक्षा करून स्टँडवर जायचं, मग एसटी, चार तास मशीनवर, आणि येताना अंगात त्राण नसायचं म्हणून पुन्हा रिक्षा. एसटीत सवलत मिळायची, रिक्षात कुठली? सोबत एक माणूस लागायचा, त्याचा रोज बुडायचा. चहा-पेज धरून एका खेपेला तीनशे रुपये जायचे. आठवड्याला तीन खेपा, म्हणजे वर्षाला १५६. मी पुण्याहून फोन करून विचारायचे, ‘गेला होतास ना?’ तो म्हणायचा, ‘हो गं.’ डिसेंबरात तो गेला. गोल मी मोजले ते तेरावा झाल्यावर.

आम्ही सहा-सात मैत्रिणींनी मिळून भाड्यासाठी निधी काढायचं ठरवलं. औषधांसाठी नाही, मशीनसाठी नाही. फक्त जाण्यायेण्याच्या भाड्यासाठी. लोकांना हे समजावून सांगावं लागतं. मशीनसाठी कुणीही पटकन पैसे देतं, रिक्षाभाड्याला देताना हात जरा थबकतो. म्हणून मी चालायचं ठरवलं. किनाऱ्याकिनाऱ्याने, जिथले पेशंट अशा खेपा घालतात त्याच गावांमधून.

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरले. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोनशे पानी वही. वहीत एका ओळीला एक खेप. ज्याला तीनशे जमणार नाहीत त्याने पाच द्यावेत, दहा द्यावेत. बेरीज तीनशेवर गेली की नवी ओळ.

समुद्राच्या कडेने चालायचं तर घड्याळाआधी पंचांग लागतं, हे दुसऱ्याच दिवशी अलिबागेत कळलं. वाळूत जाळं शिवत बसलेल्या एका कोळीबाबांना मी भरतीची वेळ विचारली. सुई हातातच धरून त्यांनी उलट विचारलं, “आज तिथी काय?” सॅकमधून यंदाचं कालनिर्णय काढलं. माघ वद्य षष्ठी. “मग तिची पाऊणपट कर. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पुरी भरती, त्याच्या सहा तास आधी पुरी ओहोटी. साडेदहाच्या आगंमागं चाल, वाळू घट्ट असंल, पाय रुतायचा नाय.” पुढे महिनाभर रोज सकाळी मी हाच हिशोब करत होते. तिथी बघायची, पाऊणपट करायची, मग निघायचं. चुकलं की पुळणीच्या वरच्या अंगाच्या भुसभुशीत वाळूतून चालावं लागतं, आणि तिथे एक किलोमीटर तीन किलोमीटरांसारखा लागतो. दादाच्या भिंतीवरचं कालनिर्णय वारांसाठी होतं, माझं तिथींसाठी.

रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला आले. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत अजून पोर्तुगीजातून आलेली बोली बोलतात. ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, असं तिला म्हणतात. चौल-रेवदंड्यावरचा पोर्तुगीज अंमल १७४० मध्ये संपला, पण चुलीजवळची भाषा गेली नाही. ज्यांच्या ओटीवर मी पाणी प्यायले त्या काकी माझ्याशी मराठीत बोलत होत्या आणि नातवाला त्या भाषेत हाका मारत होत्या. मी का चालतेय हे त्यांनीच नातवाला समजावलं. काय म्हणाल्या ते शब्द कळले नाहीत, पण मधेच ‘डायलिसिस’ तेवढं ऐकू आलं. पोरगा आत गेला आणि वीस रुपये घेऊन आला.

मुरूड, जंजिरा मागे पडले. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर. या पट्ट्यात चालताना माझं लक्ष समुद्रापेक्षा वाड्यांकडेच होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथेच आदळलं. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या बागांतून येते, त्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. ज्या घरी मी मुक्काम केला त्यांच्या वाडीत नवी रोपं छातीच्या वर गेली होती. काहींना नुकते शिंपुट धरू लागलेत, असं काका म्हणाले. सुपारीला लावल्यापासून हाती पीक यायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे पाच वर्षं हे लोक नुसतं शिंपण घालताहेत. त्यांच्यापुढे वही काढायला मला धीर होईना. जेवताना वहिनींनीच विषय काढला. “आमचं छप्पर उडालं तेव्हा कुठून कुठून लोकांनी पत्रे पाठवले. आम्ही त्यांना ओळखतसुद्धा नव्हतो.” सकाळी निघताना काकांनी तीनशे रुपये आणि वादळाआधीच्या झाडाच्या रोठ्याच्या चार सुपाऱ्या हातावर ठेवल्या. सुपाऱ्या वहीत लिहिता येईनात. त्या अजून माझ्या देव्हाऱ्यात आहेत.

महाशिवरात्रीला हरिहरेश्वर. तिथल्या गर्दीत काही बोलणंच शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वीला उतरले आणि रत्नागिरी जिल्हा लागला. वेळास, केळशी, आंजर्ले. वेळासला समुद्री कासवांची घरटी जाळीच्या कुंपणात जपून ठेवलेली पाहिली. त्या सकाळी पिल्लं निघाली नाहीत, आणि थांबायला मला वेळ नव्हता.

हर्णै बंदरावर मी लिलावाच्या वेळेला पोचले. मचवे लागलेले, वाळूवर मासळीचे ढीग, त्याभोवती कोंडाळी. बोली लावणारा इतक्या भराभर आकडे म्हणत होता की कानाला नुसता सूर लागायचा. मी एका बाजूला उभी राहिले. एका म्हाताऱ्या कोळणीने हटकलं, “काय गो, मावरं नको तर उभी का?” मी सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली. “किती म्हणालीस एका खेपंचे?” तीनशे. तिने कनवटीचा बटवा सोडला. नोटा ओल्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या, त्यांना खवले लागलेले. बोटाला थुंकी लावून तिने त्या एकेक सुट्या केल्या आणि मोजून तीनशे दिले. मग बाजूच्या बाईला म्हणाली, “माजी एक झाली, तू घाल.” तिने घातली. त्यांच्या पलीकडे बर्फ फोडणारा एक तरुण होता, बहुतेक परप्रांतातला, त्याला हिंदीत समजावलं गेलं. पाऊण तासात तिथे एकोणीस ओळी भरल्या. मी पैशांबद्दल एक शब्द बोलले नाही, सगळं त्या आजींनी केलं. तोवर आम्ही ‘देणगी’ म्हणत होतो. हर्णैनंतर मी तो शब्द सोडला. ‘एक खेप घालाल का?’ एवढंच विचारायचं, आणि समोरच्याला ते लगेच कळायचं. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने आयुष्यात खेपा घातलेल्या असतात.

४ मार्चला, मंगळवारी दुपारी, दाभोळ. इथून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की पलीकडे धोपावे, आणि धोपाव्याला लागलं की माझा तालुका. ही खाडी गाडीने वळसा घालून जायची तर चिपळूणवरून जावं लागतं. बोटीत माझ्या समोरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. माणूस चाळिशीचा, मान मागे टेकून डोळे मिटलेले. डाव्या हाताला कोपराच्या वर पांढरी पट्टी. मला दुसरं काही विचारावं लागलं नाही. दादाच्या हाताला अशीच पट्टी असायची. त्या पट्टीखाली शस्त्रक्रियेने नसा जोडलेल्या असतात, रक्त तिथून जोराने वाहतं आणि हात लावला की थरथर जाणवते. दादा मला म्हणायचा, “कान लाव, खाडीला भरती आल्येय बघ.” आणि खरंच तसाच आवाज यायचा.

“मंगळ-गुरू-शनी?” मी बाईंना विचारलं.

त्या चमकल्या. मग म्हणाल्या, “हो. तुमच्यात कोण आहे?”

“भाऊ होता.”

यावर दोघीही बराच वेळ बोललो नाही. बोटीचं इंजिन चालू होतं, मधोमध आल्यावर वारा लागला, बाईंनी पदर त्यांच्या हातावर ओढला. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं. नवरा आधी मचव्यावर खलाशी होता, आता काही करवत नाही. त्या काजूच्या कारखान्यात जातात, तीन दिवस खाडा पडतो. “गुरुवारचा कधीकधी राहतो,” त्या म्हणाल्या. “शनिवारी जायचंच असतं ना, मग दोन दिवसांनी काय बिघडतंय, असं वाटतं.”

काय बिघडतं ते मला ठाऊक होतं. अंगात पाणी साठतं, धाप लागते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एखाद्या रात्री हृदय थांबतं. हे मी त्यांच्या नवऱ्यासमोर बोलले नाही. धोपाव्याला उतरल्यावर बाईंना जरा बाजूला घेऊन सगळं सांगितलं, दादाच्या रिकाम्या गुरुवारांसकट. वही दाखवली. तोवरच्या ओळी मोजल्या. एका माणसाच्या वर्षभराच्या खेपा भरून वर थोड्या उरत होत्या. त्यांचा नंबर घेतला, माझा दिला. त्यांनी वहीची पानं परत परत उलटली. शेवटी एवढंच विचारलं, “ह्या सगळ्यांना माहीत आहे, कुणासाठी आहे ते?” मी म्हटलं, नाही.

त्या रात्री मी माझ्या घरी झोपले. दुसऱ्या दिवशी कुठेही चालले नाही.

पुढे तवसाळहून जयगडला उतरले, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी. शिमगा सुरू झालेला. गावोगावी ढोल, देवाच्या पालख्या घरोघर निघालेल्या. पावस सोडून पूर्णगडच्या वाटेला लागले तर रस्त्यात आडवी दोरी धरून सात-आठ पोरं उभी. तोंडं रंगवलेली, एकाने बायकी साडी गुंडाळलेली. “आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना!” पोस्त, म्हणजे शिमग्याची वर्गणी, हवं होतं. गाड्यांना अडवतात तसं मलाही अडवलं. मी पन्नास रुपये दिले आणि सहज सांगितलं की मीपण पोस्तच मागत फिरतेय. कशाला, म्हणून विचारलं. रस्त्याकडेच्या दगडावर बसून सांगितलं. साडीवाला पोरगा सगळ्यांत मोठा, आठवी-नववीतला असेल. त्यांनी बाजूला जाऊन खलबत केलं, पत्र्याचा डबा वाळूत उपडा केला. एकशे ऐंशी रुपये निघाले. “एका बाजूचे घाला,” तो म्हणाला. “जाण्याचे. येण्याचे पुढच्या गाडीवाल्याकडून घेऊ.” आणि ते खरंच घेतले. मी तिथे अर्धा तास बसून राहिले. पाचव्या गाडीला तीनशे पुरे झाले. वहीत त्या ओळीपुढे मी ‘आयना का बायना मंडळ’ असं लिहिलंय.

राजापूर-देवगडकडचे दिवस फार जड गेले. किनारा तुटक, मधे डोंगर, वर सडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ. मार्चच्या उन्हात जांभ्या दगडाचा सडा तापतो तेव्हा खालून तव्यासारखी धग लागते, झाडाचं नाव नसतं. दोन्ही पायांना फोड आले. कलमांच्या राखणदारांनी ठिकठिकाणी पाणी पाजलं. त्या भागाबद्दल याहून फारसं लिहिता येण्यासारखं माझ्याजवळ नाही. मी मान खाली घालून चालत होते.

मालवणानंतर तारकर्ली आणि देवबाग. देवबागला जमीन संपते. एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची जीभ. पलीकडे भोगवे समोर दिसतं, पण होडीशिवाय जाता येत नाही. होडीवाल्याने विचारलं, “खंयसून इलात?” रेवसहून, चालत. तो थोडा वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. होडी पाण्यात लोटून त्याने हात देऊन मला आत घेतलं. पैसे विचारले तर म्हणाला, “तुमी खेपांचे पैशे गोळा करतास मा? मगे ही एक खेप माजी.” मी म्हटलं, ही माझी खेप आहे, पेशंटची नाही. “खेप ती खेप,” तो म्हणाला. मी हिशेबाला पक्की, ती ओळ वहीत घातली नाही. पण शेवटच्या पानावर सगळ्या खाड्यांची नावं लिहिली आहेत, त्यात त्याचंही नाव लिहिलं.

वेंगुर्ल्यानंतर शिरोडा. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरं बाजूला ठेवून २२ मार्चला, शनिवारी, रेडीच्या गणपतीपुढे वही ठेवली. चौतीस दिवस. मोबाइलवर आलेले पैसे वेगळे. वाटेवरच्या वहीत ४७१ ओळी. तीन माणसांच्या वर्षभराच्या खेपा, आणि वर तीन.

धोपाव्याच्या ताईंना पहिले पैसे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेले. त्या फार लिहीत नाहीत. दर गुरुवारी संध्याकाळी एक मेसेज येतो, ‘आज गुरुवार. जाऊन आलो.’ यंदाच्या कालनिर्णयावर त्या तारखेला मी गोल करते.