नोंद ११ : दोन तास सापडले

सापडले! डोंगरवाटेला किती वेळ लागेल याचा अंदाज काढणारी एक स्क्रिप्ट मी लिहितोय, आणि मागच्या फेरीत तिच्या हिशेबापेक्षा आम्हाला दोन तास जास्त लागले होते. मागच्या नोंदीत ज्या दोन तासांच्या नावाने मी बोटं मोडली होती, ते माझ्याच जीपीएस घड्याळाच्या फाइलमध्ये होते. आणि त्यांना रोज इमानेइतबारे केराची टोपली दाखवत होती माझ्याच कोडमधली एक ओळ.

आधी जे जमलंय ते सांगून टाकतो, कारण पुढे रडगाणंच आहे. एकट्याच्या चालीसाठी स्क्रिप्ट आता शहाण्यासारखी वागते. पाया तोच, डोंगरात चालायचा वेळ काढणारा १८९२ चा नेस्मिथचा नियम: सपाटीला ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. त्या नियमाला उतारासाठीची दुरुस्ती लँगमुइरची: सौम्य उताराला दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वजा, १२ अंशांपेक्षा तीव्र असेल तर तेवढीच जमा. आमच्या नेहमीच्या गोल वाटेवर ही वजाबाकी-बेरीज जवळजवळ फिटते.

खरा त्रास चढाई मोजण्याचा होता. जीपीएसची उंची नुसती बेरजेत घेतली की १,३४० मीटर यायची. नकाशावरच्या समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मोजल्या तर ९००. सगळे उपग्रह आपल्या डोक्यावरच असतात, पायाखाली एकही नाही, त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. ती दोन मीटर वर, तीन मीटर खाली अशी थरथरते आणि आपण प्रत्येक थरथर चढाई म्हणून जमा करत राहतो. आता सलग १० मीटर चढल्याशिवाय काहीच मोजत नाही. आकडा ९१० वर आला. त्या संध्याकाळी मी तो आलेख विनाकारण तीनदा उघडून पाहिला. हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर घ्या, असा सल्ला दोघांनी दिला होता. घेईनही, पण हवा बदलून दाब एका हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) हलला तरी उंची आठेक मीटरने सरकते, हे विसरून चालणार नाही.

आता त्या दोन तासांकडे.

आम्ही पाच जण, सगळे ऑफिसातल्या एकाच सॉफ्टवेअर टीममधले. १४ किमी, ९०० मीटर. हिशेब ४ तास १८ मिनिटं, अधिक पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन थांबे, म्हणजे ५:०३. प्रत्यक्षात लागले ७:१०. शेवटचा पाऊण तास हेडलॅम्पच्या उजेडात उतरलो. एकाचा लॅम्प चार्जच केलेला नव्हता (तो एक माणूस मीच). घरी येऊन घड्याळ पाहिलं तर त्याच्या मते मी ५:०५ चाललो. उरलेला वेळ कुठे गेला? सोबत कोणाला विचारावं तर सगळ्यांचं एकच उत्तर, ‘वर जरा जास्त बसलो असू.’

मग मी ते केलं जे मुदत चुकलेला प्रत्येक डेव्हलपर करतो. कोडमध्ये ‘टीमगुणक = १.४२’ असं लिहिलं आणि झोपलो. पुढच्या छोट्या, सपाट फेरीत हा गुणक सपशेल आपटला. अर्थातच आपटणार होता, कारण तो कशाचाच गुणक नव्हता. माझ्या अज्ञानाला मी दोन दशांश स्थळं दिली होती, एवढंच.

परवा दुसरंच काही शोधताना स्क्रिप्टच्या दुसऱ्या आवृत्तीतली ती ओळ दिसली. घड्याळाने नोंदलेल्या दोन बिंदूंमध्ये ३० सेकंदांपेक्षा जास्त फट असेल तर जीपीएसचा सिग्नल गेला समजून ती सोडून द्यायची. आता घड्याळात ऑटो-पॉज चालू होता. आपण थांबलो की घड्याळाची नोंदही आपोआप थांबते, आणि फाइलमध्ये नेमकी तशीच फट पडते. म्हणजे घड्याळ थांबे लपवत होतं आणि मी त्यांचा उरलासुरला मागही पुसत होतो. ऑटो-पॉज ही सोय धावणाऱ्यांनी रस्त्यावरच्या सिग्नलपाशी थांबल्यावर आपला वेग चांगला दिसावा म्हणून वापरावी. डोंगरात ती बंद ठेवा. शक्य असेल तर आजच.

ओळ काढली. थांबे निघाले ३४! ठरवलेले तीन, ४५ मिनिटांचे. बाकीचे ३१ मिळून ८० मिनिटं. नाडी, जॅकेट चढवणं, जॅकेट उतरवणं, फोटो, पाणी, आणि बहुतेक वेळा मागचे येईपर्यंत उभं राहणं.

इथवर मला वाटत होतं, प्रश्न सुटला. मग आमच्या टेस्टरच्या (टीममध्ये सॉफ्टवेअर तपासणारी) फोनमधला ट्रॅक, म्हणजे चालल्या वाटेची नोंद, मागवला. ती बहुतेक वेळ शेवटी असायची. तिचा आकडा पाहून मी खुर्चीत सरळ बसलो. सुटल्यापासून पोचेपर्यंत वेळ तोच, ७:१०. पण मी १२५ मिनिटं थांबलो होतो आणि ती फक्त ६०. ठरलेले थांबे वगळले तर माझ्या वाट्याला ८० मिनिटांची विश्रांती आली, तिच्या वाट्याला १५. आम्ही पुढे जाऊन बसायचो, ती धापा टाकत पोचायची, आणि ‘चला, सगळे आले’ म्हणत आम्ही उठायचो. जिला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज होती तिलाच ती मिळत नव्हती. ती दमत गेली तसे आमचे थांबे लांबत गेले.

तिला ट्रॅक दाखवला. ती म्हणाली, ‘अरे, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालास, आपल्या गतीने ये, घाई नाही.’

म्हणालो होतो खरा. आणि स्वतःला फार समजूतदार समजत होतो. इथे माझं स्टोइक वाचन आडवं आलं, हे कबूल करायला हवं. काय आपल्या हातात आणि काय नाही, ही प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसची विभागणी मी पाठ केली होती. दुसऱ्याची चाल माझ्या हातात नाही, म्हणून चिडायचं नाही, शांतपणे वाट पाहायची. एवढ्यावर मी खूश. पण तिची चाल माझ्या हातात नसली तरी माझं उठणं तर होतं! ती पोचताक्षणी मी उठायचो, ते माझं मीच.

एपिक्टेटसचाच दुसरा एक तुकडा मला जास्त आवडतो. सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी तिथे काय काय होतं ते डोळ्यांसमोर आण, असं तो सांगतो: कोणी पाणी उडवेल, कोणी ढकलेल, कोणी शिवीगाळ करेल, कोणी चोरी करेल. मी आता निघण्याआधी तसंच करतो: कोणाची नाडी सुटेल, कोणी फोटोला थांबेल, कोणाचा लॅम्प चार्ज नसेल. रिलीजच्या आदल्या दिवशी आम्ही हेच करतो, फक्त तिथे त्याला चेकलिस्ट म्हणतो.

तर, प्रयोग. तीच वाट, तेच पाच जण, टेस्टर सर्वांत पुढे. चालण्याचा वेळ ५:४०, थांबे ५५ मिनिटं, एकूण ६:३५. पुढच्यांचा वेग कमी झाला तरी ३५ मिनिटं वाचली, आणि उजेडात खाली पोचलो. मागचे चौघे गप्पा मारू शकत होते, ही वरकड कमाई.

फक्त टेस्टर वैतागली. ‘पाठीत चार जणांच्या नजरा टोचतात,’ म्हणाली. बरोबरच होतं. सगळ्यांत हळू म्हणून पुढे उभं केलंय, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. परतीच्या निम्म्या वाटेवर आमच्यातल्या बॅकएंडवाल्याने (सर्व्हरकडचा कोड लिहिणारा) तिच्या हातात नकाशा आणि होकायंत्र दिलं. मग ती पुढे होती कारण वाट ती काढत होती. एका फाट्यावर तिने आम्हा सगळ्यांना मागे वळवलं, आणि तिचंच खरं निघालं. ही युक्ती माझी नाही, हे नोंदवून ठेवतो.

खरं तर या नोंदीत पुढे चढ-उतारावरून चालण्याचा वेग काढणारं टोब्लरचं १९९३ चं सूत्र कसं बसवणार ते लिहायचं होतं. त्यात सर्वाधिक वेग, ताशी ६ किमी, सपाटीला नाही तर ५ टक्के उताराला मिळतो, हे मला फार गोड वाटतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, मला आणखी अचूक वेग नकोच आहे. मला हवाय तो एक रकाना, प्रत्येकाला प्रत्यक्ष मिळालेल्या विश्रांतीचा. आणि परत फिरायची ठरलेली वेळ, शिखर गाठलं असो वा नसो. टोब्लर नंतर बघू.

जाता जाता ट्रेकिंगच्या घडीच्या काठ्यांबद्दल. फिरवून आवळायच्या लॉकची जोडी शेवटी कपाटात गेली. उतारावर भार पडला की हळूच आखडते, आणि ते कळतं गुडघ्याला. खटक्याच्या लॉकची जोडी थोडी जड आहे, पण बोटं गारठलेली असली तरी लागते.

पुढच्या खेपेला सात जण आहोत. ठरलेल्या थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू होईल. टीमगुणक कोडमधून काढलाय. टेस्टरने सांगून ठेवलंय, धुकं असेल तर नकाशा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या.