मंडळाचा मेळावा आणि रात्रभरचं डीएक्स

आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, मंडळाचा मेळावा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असतो. तारीख कोणाला ठरवावी लागत नाही, कारण तेव्हाच सीक्यू वर्ल्डवाइड या जगभरच्या रेडिओ स्पर्धेचा बोलण्याचा भाग असतो, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) शून्य वाजता सुरू होतो आणि पुढचे 48 तास बँडवर, म्हणजे रेडिओच्या ठराविक पट्ट्यांवर, नुसती झुंबड. घरी एकट्याने डीएक्स करण्यात, म्हणजे लांबलांबच्या स्टेशनांशी संपर्क साधण्यात, मजा आहेच, पण मला विचाराल तर ऐकायला मी या मेळाव्यातच शिकलो.

आदल्या दिवशी अँटेना चढवायची. 20 मीटर तरंगलांबीच्या बँडचा डायपोल म्हणजे साधारण 10 मीटर वायर, दोन्ही टोकं ताणून बांधायची, मग एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते, बघायचा, कोणीतरी म्हणणार थोडी कापा, दुसरा म्हणणार थांबा आधी अजून वर घ्या, आणि बहुतेक वेळा तो दुसराच बरोबर असायचा.

एका रिगला (रेडिओ सेटला) दोन हेडफोन लावायचे, एक ऑपरेटरला आणि एक शिकणाऱ्याला. मी कितीतरी वेळ त्या दुसऱ्या हेडफोनवर बसलोय. एखाद्या दुर्मिळ बेटावरचं स्टेशन लागलं की त्याच्यावर सगळं जग एकदम तुटून पडतं, आपणही ओरडावंसं वाटतं, पण आमचे काका म्हणायचे, "अरे आधी ऐक, तो कोणाला घेतोय, किती वेळ थांबतोय." मग नेमक्या फटीत पूर्ण कॉलसाइन, म्हणजे आपलं रेडिओवरचं नाव, एकदाच द्यायचा. तिकडून आपलाच कॉल परत ऐकू आला, पाच-नऊ (सिग्नल उत्तम) आणि झोनचा, म्हणजे जगातल्या आपल्या विभागाचा, नंबर देऊन झाला की खोलीतले सगळेच खूश, कॉन्टॅक्ट कोणाचा का असेना.

लाँग पाथ पण मला तिथेच कळला. सरळ दिशेने स्टेशन अगदी पुसट येत होतं तर काकांनी बीम (एका दिशेला रोखायची अँटेना) चक्क उलटा फिरवला, आणि पृथ्वीला दुसऱ्या बाजूने वळसा घालून आलेला तोच आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला. कधी दोन्ही वाटांनी एकदम येतो तेव्हा त्याला घुमल्यासारखा प्रतिध्वनी असतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही.

सगळी वर्षं सारखी नव्हती. 2009 च्या आसपास सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच, 10 मीटरवर नुसती खरखर, आम्ही रात्रभर 40 मीटरवर बसायचो. आणि 2014 ला तोच 10 मीटर दिवसभर इतका उघडा की कमी पॉवरवरही लांबलांबची स्टेशनं उत्तर देत होती. आयनोस्फिअर, म्हणजे रेडिओ लहरी परत वळवणारा आणि सूर्यामुळे बदलणारा वातावरणाचा वरचा थर, पुस्तकात वाचलं होतं, पण त्या दोन मेळाव्यांमधला फरक कानांनी ऐकला तेव्हा खरं समजलं.

रात्री बँड थंडावला की काका शाळेतल्या मुलांना गोयडरची गोष्ट सांगायचे. 18 ऑक्टोबर 1924 ला लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गोयडर या 18 वर्षांच्या मुलाने न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी मोर्समध्ये दोन्ही बाजूंनी संपर्क साधला, जवळपास अर्ध्या पृथ्वीपलीकडे. शाळेतला मुलगा म्हटल्यावर समोरची पोरं एकदम सावरून बसायची. मी पण त्यातलाच होतो.

रविवारी सगळं आवरताना ब्यूरोकडून (कार्डं गोळा करून पोचवणाऱ्या संस्थेकडून) आलेली क्यूएसएल कार्डं, म्हणजे संपर्काच्या पावत्या, वाटली जायची. काही दोन-दोन वर्षांपूर्वीच्या कॉन्टॅक्टची, तरी प्रत्येक कार्ड हातोहात फिरायचं, वेळ आणि फ्रिक्वेन्सी लॉगशी जुळवून बघितली जायची.

आता एफटी8 या कॉम्प्युटरवरच्या डिजिटल पद्धतीमुळे खूप पुसट सिग्नलवरही कॉन्टॅक्ट होतो, मी पण घरी करतो, छानच आहे ते. पण मेळाव्यात आवाजच हवा असं माझं ठाम मत आहे, कारण कॉम्प्युटरने वाचलेला सिग्नल शेजारी बसलेल्या पोराला ऐकवता येत नाही. नवीन मुलांना यायचं असेल तर फक्त स्वतःचा हेडफोन आणा, दुसरा जोडायची पिन मी घेऊन येतो.