चार रॉड आणि एक बोअर डायल : आमची वाटचाल

फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड टाकले तर किती एचपी वाढेल?" मी आहे ते सांगतो. एकही नाही. ताकद वाढते ती हवा आणि पेट्रोल जास्त गेल्यावर. टर्बोचं बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवा, मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग, बदला, ताकद त्याच दिवशी दिसते. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले पिस्टन आणि त्यांना क्रँकशी जोडणारे रॉड, यांचं काम ती ताकद सोसायचं. हे ऐकून काही जण फोन ठेवतात. जे थांबतात, त्यांची इंजिनं कामाला आमच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये येतात.

आमचं मूळ काम डिझेलचं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला भाड्याच्या गाळ्यात बोअर-होनिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा गोल करून घासायचं, दुकान काढलं, तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. एक बोअरिंग मशीन, एक क्रँक ग्राइंडर आणि मदतीला माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. विहिरीवरची इंजिनं, कृष्णेकाठच्या उपशाची इंजिनं, ट्रॅक्टर, पुढं जीप आणि टेम्पो. उसाचा हंगाम तोंडावर आला की दारात ट्रॅक्टरच्या ब्लॉकची रांग लागायची. शेतकरी ब्लॉकशेजारीच बसून राहायचा, डबा तिथंच उघडायचा, कारण इंजिन बंद म्हणजे वाहतूक बंद.

आण्णांचा एक नियम होता : "आधी माप, मग भाव." ब्लॉक धुऊन, पुसून, मापल्याशिवाय ते दर सांगत नसत. बोअर डायलनं, म्हणजे भोकाचा व्यास काट्यावर दाखवणाऱ्या मापकानं, एका सिलिंडरची सहा मापं, वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं. सगळी वहीत उतरायची, शेजारी गावाचं नाव आणि तारीख. तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. गिऱ्हाईक खोळंबलंय आणि हे एकाच भोकात सहा वेळा डायल घालतायत! आज आमचा सगळा धंदा त्या सहा मापांवर उभा आहे.

२००५ च्या पुरानंतर आमच्याकडे पाणी गिळलेली इंजिनं आली, कित्येक आठवडे येत राहिली. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा सोडत नाही, मग रॉड वाकतो. डोळ्यांना तो सरळच दिसतो. आण्णा डायलचं चुंबकी स्टँड ब्लॉकवर ठेवायचे, एकेक पिस्टन अगदी वर आणायचे आणि उंची बघायचे. वाकलेल्या रॉडचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहतो. ही युक्ती मी तिथं शिकलो. पुढं ती कुठं उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

२०१४ मध्ये विट्याकडचं एक कुटुंब आलं. गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, मुक्काम तमिळनाडूत, गणपतीला गावी आलेले. मुलाची गाडी १.८ लिटर टर्बो पेट्रोल, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्हवालं इंजिन. बाहेर कुठंतरी मॅप करून बूस्ट भरपूर वाढवलेलं. गाडी थरथरत होती, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी. दोन ठिकाणी हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, काम झालेलं, फरक शून्य. आम्ही तोवर टर्बो पेट्रोलला हात लावला नव्हता. हेड उतरवलं. व्हॉल्व्ह चांगले, बोअरला एक ओरखडा नाही. आण्णांनी काही न बोलता डायल मांडला. पहिला, दुसरा आणि चौथा पिस्टन, तिन्हींच्या उंचीत दोन शतांश मिलीमीटरचाही फरक नाही. तिसरा सात दशांश मिलीमीटर खाली.

"पाणी प्यालंय का रं हे?" आण्णांनी विचारलं.

"पाणी नाही आण्णा," मी म्हणालो, "हवा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हवेनं रॉड कसा वाकतो, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. धाकटा भाऊ तेव्हा सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला होता, त्यानं कागदावर काढून दाखवलं. रॉडवर दोन वेगळे भार येतात. एक जळत्या वायूचा, वरून खाली दाबणारा. तो टॉर्कबरोबर, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराबरोबर, वाढतो. दुसरा पिस्टनच्या स्वतःच्या वजनाचा, वर जाऊन थांबताना रॉडला ओढणारा. तो आरपीएमच्या वर्गानं वाढतो, म्हणजे आरपीएम दुप्पट तर ओढ चौपट. रॉडचे बोल्ट तुटतात ते या ओढीनं, आणि दांडा वाकतो तो दाबानं. या गाडीला अडीच-तीन हजार आरपीएमलाच पूर्ण बूस्ट दिलेलं होतं. तिथं पिस्टन सावकाश फिरतो, दाबाला जोर करायला वेळ मिळतो, आणि उलटी ओढ इतकी थोडी की तो दाब कमी होत नाही. मूळ रॉडचा यात काही दोष नव्हता, तो मूळ ताकदीसाठी बनवलेला होता.

फोर्ज्ड रॉड मागवले, ४३४० जातीच्या स्टीलचे, एच आकाराच्या दांड्याचे, लांबी मूळचीच १४४ मिलीमीटर. वजन जुळवायला आमच्याकडं बारीक काटा नव्हता. गिऱ्हाइकाच्या चुलत्यांनी स्वतःचा सोन्याचा काटा आणून दिला. चारही रॉड, मोठी बाजू वेगळी आणि लहान बाजू वेगळी, एका ग्रॅमच्या आत आणले. रॉडचा बोल्ट नुसत्या टॉर्क पान्यावर न आवळता तो किती ताणला गेला हे मापून आवळायचा, हेही तेव्हाच शिकलो. बोल्ट म्हणजे एक कडक स्प्रिंगच. नेमका ताणला तरच तो पकड धरतो. मॅप त्या मुलानं आमच्या सांगण्यावरून सौम्य करून घेतला, तळाचं बूस्ट कमी केलं. गाडी तमिळनाडूला गेली आणि चालत राहिली.

त्या एका कामावरून तोंडी बातमी पसरली. कोल्हापूर, कराड, बेळगाव, मग पुणे. ऑटोक्रॉसवाले, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणांवर घड्याळाशी शर्यत लावणारे, आले, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाड्या पळवणारे आले.

आणि मग आमच्या हातून एक इंजिन गेलं. हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, इथंही सांगतो. शर्यतीसाठी तयार केलेलं इंजिन, फोर्ज्ड पिस्टन, ८१ मिलीमीटरचा बोअर. रिंगच्या दोन टोकांतली फट मी मूळ इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणं ठेवली, पाव मिलीमीटर. पुण्याहून परत येताना खंबाटकी चढताना गाडीनं निळा धूर सोडला. उघडलं तर दुसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटलेली. जास्त बूस्टला रिंग जास्त तापते, लांबते, फट मिटते, टोकाला टोक भिडतं. पुढं लांबायला जागा नसते, मग रिंग बोअरला घट्ट धरते आणि पिस्टनची भिंत उखडते. तिथं अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास फट हवी होती. चूक माझी होती. पिस्टन, रिंगा, मजुरी, सगळं आम्ही आमच्या खर्चानं पुन्हा केलं. दीड महिन्याची कमाई गेली. तेव्हापासून रिंगची टोकं मी स्वतः घासतो, दुसऱ्याला देत नाही. रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टननं ढकलून सरळ बसवायची, फिलर गेज सारायचं, काढायची, दोन हात घासायची, कड मोडायची, पुन्हा घालायची. चार सिलिंडरच्या आठ रिंगांना अख्खी दुपार जाते.

पिस्टनच्या धातूचंही तसंच. २६१८ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन अगदी नावापुरतं असतं, म्हणून तो चिवट, मार खाणारा, पण तापल्यावर जास्त फुगतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास, तो कमी फुगतो, पण नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी स्फोट, झालं तर लवकर तडकतो. त्यामुळं २६१८ ला बोअरमध्ये जास्त जागा द्यावी लागते आणि सकाळी थंड इंजिन जरा खडखडतं. तापलं की आवाज जातो. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गाळ्यात पाणी शिरणार हे आदल्या रात्री कळलं. दादानं आणि मी मापाची उपकरणं, रिंगा, पिस्टन आणि आण्णांच्या वह्या वरच्या मजल्यावर नेल्या. बोअरिंग मशीन, ग्राइंडर कुठं उचलणार? त्यांना ग्रीस फासलं आणि दार ओढून घेतलं. पाणी उतरल्यावर मशीनच्या बेडवर बोटभर गाळ होता. ते पुन्हा उभं करायला चार महिने गेले. आईनं बांगड्या काढून दिल्या, वहिनीनं बचत गटाचं कर्ज उचललं. दोघींचं नाव आमच्या पाटीवर नाही, पण कुपवाडची शेड त्यांच्यामुळं उभी राहिली.

शेडमध्ये आल्यावर पहिली गोष्ट केली ती टॉर्क प्लेट. शेजारच्या व्हीएमसीवाल्यांकडून, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन असलेल्यांकडून, ५० मिलीमीटर जाडीची स्टीलची प्लेट करून घेतली, हेडसारखीच भोकं पाडून. ती ब्लॉकवर पूर्ण टॉर्कनं आवळायची आणि मग होनिंग करायचं. पहिल्यांदा लावली तेव्हा आण्णांना बोलावलं. मोकळा ब्लॉक मापला, गोलाई पाच मायक्रॉनच्या आत. प्लेट आवळून पुन्हा मापला, वरच्या भागात बोल्टच्या बाजूला माप पंचवीस मायक्रॉननं हललेलं. आण्णा बराच वेळ काटा बघत होते. "म्हणजे इतकी वर्षं आपण मोकळ्या ब्लॉकला गोल केलं, आणि हेड बसल्यावर तो गोल राहिलाच नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टरच्या ब्लॉकसाठीही प्लेट करायला घेतली, त्यांच्याच आग्रहानं.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. विम्याचा प्रश्न वेगळाच. म्हणून ताकद वाढवायची कामं आम्ही फक्त स्पर्धेच्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाड्यांची घेतो. रोजच्या गाडीला मूळ मापाचं, मूळ ताकदीचं चोख काम. यामुळं काही तरुण गिऱ्हाइकं दुसरीकडं जातात. जाऊ देत.

सध्या माझं डोकं इथेनॉलमध्ये आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाची मळी कारखान्याच्या डिस्टिलरीतून पेट्रोलमध्ये येते. इथेनॉलला नॉकिंग सहज होत नाही, आणि वाफ होताना ते सिलिंडरमधली हवा थंड करतं, टर्बोला हे दोन्ही हवंच असतं. अडचण इतकीच की एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन कितीतरी जास्त, इंजेक्टर आणि पंप मोठे. एका ऑटोक्रॉसच्या गाडीवर दादा आणि मी त्याची तयारी करतोय. ज्या उसाच्या ट्रॅक्टरांवर हे दुकान चाललं, त्याच उसाचं इंधन या इंजिनात जाणार, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

गेल्या महिन्यात विट्याची ती पहिली गाडी परत आली. तक्रार काही नव्हती, बेअरिंग बघून घ्यायची होती. हेड उतरवलं, बोअरमध्ये होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. आण्णांनी चष्मा पुसला, कपाटातून २०१४ ची वही काढून ते पान उघडलं आणि डायलचा स्टँड ब्लॉकवर ठेवला. पहिला पिस्टन वर आणला. दुसरा. तिसऱ्याला काटा जिथं होता तिथंच थांबला.